साधर्मिकाची पिशवी

जैन संघांत एक रीत पिढ्यानपिढ्या चालत आली आहे आणि तिच्याविषयी मोठ्याने बोलण्याची पद्धत नाही. एखाद्या कुटुंबाची घडी विसकटली, कर्ता पुरुष गेला किंवा पेढी बसली, की महिन्याच्या ठरलेल्या दिवशी त्या घरी गहू, डाळ, तेल, साखर पोहोचते. शेजाऱ्यालाही संशय येऊ नये म्हणून पिशवी नेहमीच्या किराण्यासारखीच येते. समाजात याला साधर्मिक भक्ती म्हणतात. जग ज्याला अन्नपेढी म्हणते, ती याहून फारशी वेगळी नाही.

पेढी हा शब्द तिला सहज चिकटलेला नाही. अमेरिकेतील फिनिक्स शहरात १९६७ साली जॉन व्हॅन हेंगेल यांनी 'सेंट मेरीज फूड बँक' सुरू केली. दुकानांनी टाकून दिलेले पण खाण्याजोगे अन्न वेचून मुलांना पोसणारी एक स्त्री त्यांना भेटली होती. अन्न जमा करता यावे आणि गरजेला काढता यावे, अशी बँक असायला हवी, ही कल्पना तिच्या बोलण्यातून निघाली असे सांगतात. ठेवीदार आणि काढणारा यांची गाठ पडण्याचे कारण नाही, हे बँकेच्या व्यवहाराचे सौंदर्य अन्नालाही लागू पडते. आपल्याकडे हे शहाणपण फार जुने आहे. तेराव्या शतकातील दुष्काळात कच्छमधील भद्रेश्वरच्या जगडूशहाने कोठारे उघडली. ज्यांना हात पसरण्याची लाज वाटे त्यांच्यासाठी त्याने मोदकात सुवर्णनाणे दडवून 'लज्जापिंड' वाटले, अशी कथा परंपरेने जपली आहे. कोठार उघडणारे पुष्कळ होऊन गेले. लाजेचा विचार करणारा व्यापारी विरळा.

या पार्श्वभूमीवर अंबरनाथ पूर्वेकडे पाहावे. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेले शिवमंदिर एका बाजूस आणि आनंदनगरची औद्योगिक वसाहत दुसऱ्या बाजूस, अशा या गावात उपासमार डोळ्यांना दिसत नाही. ती शिधापत्रिकेच्या नियमांत दडलेली आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार लाभार्थी ठरवताना महाराष्ट्राने शहरी भागासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये ठेवली. बाराने भागले तर महिन्याला पाच हजारही भरत नाहीत. कंत्राटावर राबणारा मजूर याहून अधिक मिळवतो, म्हणून कागदोपत्री तो गरीब नाही. भाडे, वीज, मुलांची फी आणि लोकलचा पास वजा जाता त्याच्या हाती काय उरते, हे कागद विचारत नाही. ज्यांची नावे यादीत आहेत, त्यांना २०२३ पासून माणशी दरमहा पाच किलो धान्य विनामूल्य मिळते. पण ते धान्यच. डाळ आणि तेल त्यात नाही. मधल्या काही वर्षांत सणावारी 'आनंदाचा शिधा' येई, तेवढ्यापुरता गोडवा. पोट भरते आणि शरीर मात्र उपाशी राहते, अशी ही भूक आहे.

संकट आले की हाच परिसर धावून जातो. २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुराच्या पाण्यात अडकली, तेव्हा हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांच्या खाण्यापिण्याची सोय झाली. पुढच्या वर्षीच्या टाळेबंदीत तर गल्लोगल्ली चुली पेटल्या. पण पूर ओसरतो, भूक महिन्याच्या महिन्याला परत येते. वर्षातून एकदा, वाढदिवसाला किंवा पुण्यतिथीला, शंभर पाने वाढून समाधान मानणाऱ्या दानाचे तिच्यापुढे फारसे चालत नाही. आणि त्या पंगतीचे छायाचित्र काढले गेले तर दानाच्या पाच प्रकारांत ते कोठे बसते, हे श्रावकाला सांगण्याची गरज नसावी.

उरलेल्या अन्नाविषयी एक शंका नेहमी निघते. लग्नातील जेवण उरले, ते वाटून टाकले, यात वाईट काय? काहीच नाही, वेळेत वाटले तर. सूर्यास्तापूर्वी पंगती उठवणाऱ्या समाजाला इथे एक सोय आहे, जी मध्यरात्रीपर्यंत जेवणावळी चालवणाऱ्यांना नाही: उरलेले अन्न त्याच संध्याकाळी दुसऱ्याच्या ताटात पडू शकते. ते सकाळपर्यंत ठेवून मग वाटणे मात्र अनाकलनीय आहे. जे वासी म्हणून आपल्या ताटात चालत नाही, ते दुसऱ्याच्या ताटात दान कसे होते? औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, डिसेंबर २०१५ मध्ये युसुफ मुकाती यांनी रोटी बँक काढली, तेव्हा सभासदांनी घरची ताजी पोळी आणि भाजी द्यावी, असाच आग्रह धरला.

खरे तर व्यापाऱ्याकडे पैशाहून मोलाची गोष्ट आहे, ती म्हणजे मालाची जाण. कोणत्या डाळीला पावसाळ्यात कीड लागते, कोणत्या पुड्याची मुदत दोन महिन्यांवर आली आहे, घाऊक बाजारात कोणत्या आठवड्यात भाव उतरतो, हे त्याला झोपेतही सांगता येते. अन्नपेढ्यांचे निम्मे कष्ट याच गोष्टींवर खर्च होतात. हिशेबाच्या बाजू मात्र आधी पाहून घ्याव्यात. कर भरलेला माल फुकट दिला तर त्यावरील इनपुट टॅक्स क्रेडिट उलटवावे लागते. सुट्या धान्याला वस्तू व सेवा करच नसल्याने तिथे हा प्रश्न उद्भवत नाही. वस्तुरूप दानाला प्राप्तिकराची ८०-जी वजावट मिळत नाही आणि रोखीच्या दानाला दोन हजारांपर्यंतच मिळते. त्यापेक्षा नोंदणीकृत संस्थेला धनादेश द्यावा आणि संस्थेने घाऊक भावात खरेदी करावी. याच तरतुदीत आणखी एक अट आहे: एखाद्याच धर्मसमुदायाच्या भल्यासाठी स्थापन झालेल्या संस्थेला ही सवलत सामान्यतः मिळत नाही.

म्हणजे प्रश्न पिशवीच्या वाटेचा आहे. साधर्मिकाच्या दारी ती जाते, जावीच. पण दुकानात पोती उचलणारा हमाल, गोदामाचा रखवालदार, घरी भांडी घासणारी बाई, ही माणसे उंबरठ्याच्या आतच वावरतात आणि पिशवी त्यांच्या अंगावरून पुढे जाते. अनुकंपादानात समोरच्याचे कूळ विचारले जात नाही. काहींना भीती वाटते की फसवणारे येतील. येतीलही. कर्ज देताना बँक दहा कागद तपासते, कारण रक्कम मोठी असते. पाच किलो तांदूळ आणि दोन किलो डाळीसाठी तेवढी चौकशी करायची, तर चौकशीचा खर्चच धान्याहून जड होईल.

सुरुवात लहान असली तरी चालते. चार दुकानांनी मिळून दहा घरे घ्यावीत, त्यांची नावे एकाच माणसाच्या वहीत असावीत आणि ती वही सभेत वाचली जाऊ नये. एकट्या राहणाऱ्या कामगारांकडे गॅस नसतो, तिथे कच्च्या शिध्यापेक्षा खानावळीचे कूपन बरे. पिशवीत तांदूळ थोडा कमी चालेल. तूरडाळ, तेल आणि शेंगदाणे मात्र असावेत. पगार बहुधा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात होतो आणि घरातील तेल विसाव्या-बाविसाव्या दिवशी तळाला जाते. पिशवीची तारीख ठरवताना एवढे पाहिले म्हणजे झाले.