गचके, गिअर आणि बाबा

खंबाटकी घाट. सकाळचे साडेआठ. शेजारच्या सीटवर आई, मागे बाबा आणि त्यांच्याही मागे, अगदी डिकीला चिकटून, एसटी. मी तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबला आणि गाडी पुढे जायच्या ऐवजी उचकी लागल्यासारखी गच... गच... गच... करायला लागली. पाय उचलला की शांत. पुन्हा दाबला की पुन्हा गचके. एसटीवाल्यानं असा काही हॉर्न मारला की आईनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

''अगं, क्लच नीट सोड ना!''

मागच्या सीटवर बाबा काहीच बोलले नाहीत. खिडकीबाहेर बघत बसले.

आईचं हे वाक्य आमच्या घरात फेमस होतं. फक्त आधी ते मला नाही, बाबांना ऐकवलं जायचं.

बाबांचं वय झालंय!

ही गाडी बाबांनी २०११ मध्ये पतपेढीचं कर्ज काढून घेतली. लाल हॅचबॅक. मी तेव्हा नववीत होते. गाडी घरी आली त्या संध्याकाळी सोसायटीतल्या सगळ्यांना पेढे आणि माझ्या मैत्रिणींना सारसबागेपर्यंत एक राउंड! तेव्हापासून महिन्यातून एकदा सातारा, म्हणजे आमचं गाव, हा कार्यक्रम ठरलेला. बाबा ड्रायव्हर, आई नेव्हिगेटर, मी आणि दादा मागे भांडायला.

२०२४ च्या मे-जूनपासून बाबांच्या ड्रायव्हिंगबद्दल कुरबुर सुरू झाली. ते फारच हळू चालवतात. हायवेला डावी लेन सोडत नाहीत. उकडत असताना घाटात एसी बंद करतात. आणि चढ आला की गाडी गचके खाते. बाबा तेव्हा ६७ वर्षांचे. मग काय, निदान एका मिनिटात तयार. वय झालं, पाय थरथरतो, क्लच सुटत नाही. बेंगळुरूच्या दादानं व्हिडिओ कॉलवर फर्मान काढलं, ''बाबांना आता गाडी देऊ नका.'' त्यानं गेल्या तीन वर्षांत बाबांच्या शेजारी बसून एकदाही प्रवास केला नव्हता, ही गोष्ट वेगळी.

त्या दिवाळीत किल्ली मी घेतली. म्हणजे मागितली. बाबांनी 'बरं' म्हटलं आणि ती फ्रीजवर ठेवून दिली. पुढच्या महिन्यापासून ते साताऱ्याला एसटीनं जायला लागले.

आता तुम्ही म्हणाल, मग गाडी जवळजवळ वर्षभर तुझ्याकडे होती, तुला काहीच कळलं नाही? खरं सांगू? कर्वे रोडवर गाडीला जोर लावायची वेळ येतेच कुठे? सिग्नल, सेकंड गिअर, पुन्हा सिग्नल. कधीतरी चांदणी चौकाच्या चढाला एखादा झटका बसायचा. मी एफएमचा आवाज वाढवायचे.

आणि मग दसऱ्यानंतर, ऑक्टोबर २०२५ मध्ये, खंबाटकी. क्लचवर माझा पाय. वय वर्षं २८. योगा क्लास आठवड्यातून तीनदा. पाय अजिबात थरथरत नव्हता.

सगळेच डॉक्टर

फॅमिली ग्रुपवर प्रॉब्लेम टाकला तर पाच मिनिटांत सात उत्तरं. सगळ्यात पॉप्युलर उत्तर होतं, पेट्रोलमधलं इथेनॉल. फेब्रुवारी २०२३ मध्ये वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं. तेव्हापासून जुन्या गाडीनं शिंक दिली तरी खापर त्याच्यावर फुटतं. ते पूर्णपणे निर्दोष आहे असंही नाही. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानानं ऊर्जा कमी असते, ते पाणी शोषून घेतं आणि जुन्या गाड्यांचे काही रबरी भाग त्याच्यासाठी बनवलेले नसतात. म्हणून एका मामेभावानं टाकीत ओतायची बाटली सुचवली. ओतली. मला जरा बरं वाटलं, गाडीला नाही.

दुसऱ्या भावानं ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर आणून दिला. स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये खोचायचा आणि मोबाइलवर गाडीचा रिपोर्ट वाचायचा. सॉलिड आयडिया! रिपोर्ट आला : एकही फॉल्ट नाही. मला तर वाटलं, आता वेड मलाच लागलंय. नंतर कळलं, स्कॅनर फक्त गाडीच्या कॉम्प्युटरनं नोंदवलेलं सांगतो. आपल्याकडे गाड्यांना ही तपासणीची व्यवस्था बंधनकारक झाली ती टप्प्याटप्प्यानं, २०१० पासून पहिली पायरी आणि २०१३ पासून दुसरी. पहिल्या पायरीच्या गाडीत ठिणगी अधूनमधून चुकत असेल, तर कॉम्प्युटर बिचारा गप्पच राहू शकतो. त्याला दुखतंय हे त्यालाच माहीत नसतं!

मग चकाचक सर्व्हिस सेंटर. एसी वेटिंग रूम, कॉफी, गळ्यात आयकार्ड घातलेला ॲडव्हायझर. त्यानं गाडी पार्किंगमध्येच दोनदा रेझ केली आणि एस्टिमेट काढलं : फ्यूएल पंप, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल बॉडी क्लीनिंग. एकूण २३ हजार. शिवाय गोड आवाजात सल्ला. ''मॅडम, २०२६ मध्ये गाडीला पंधरा वर्षं होतील. रजिस्ट्रेशन रिन्यू करावं लागेल. त्यापेक्षा एक्स्चेंज करा ना.'' मुद्दा बिनबुडाचा नव्हता. जुन्या कारच्या या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाली. आणि छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मी खरंच ब्रोशर घेऊन घरी आले.

बाबांनी ते ब्रोशर पाहिलं. ''रंग छान आहेत,'' म्हणाले आणि आत गेले.

दहा मिनिटं नुसते प्रश्न

का कोण जाणे, पण नवीन गाडी बुक करण्याआधी एकदा स्वारगेटच्या मागच्या गल्लीतल्या गॅरेजमध्ये जाऊन यावंसं वाटलं. तिथल्या काकांनी बॉनेट उघडलंच नाही. स्टुलावर बसले आणि प्रश्न सुरू.

''गाडी थंड असताना करते की गरम झाल्यावर? उभी असताना इंजिन थरथरतं का? कितव्या गिअरला? एसी लावला की वाढतं? गचके बसतात की नुसती दम सोडते?''

''या दोघांत फरक काय?''

''ताई, पेट्रोल कमी पडत असेल ना, फिल्टर चोंदलाय, पंप थकलाय, तर गाडी दम सोडते. लांब चढावर हळूहळू मरगळते. आणि करंट तुटत असेल तर गच गच करते. झटक्यात. त्याला आम्ही मिसिंग म्हणतो. आणि कुठून हवा ओढत असेल, तर जास्त करून उभी असतानाच बेसूर वाजते.''

मग ते शेजारी बसले आणि आम्ही कात्रजच्या चढावर गेलो. तिसरा गिअर, वेग मुद्दाम कमी, आणि पाय पूर्ण खाली. गच... गच... काकांच्या चेहऱ्यावर चक्क समाधान. ''मिसिंग मारतेय. एकच सिलिंडर वाटतो. पेट्रोल खराब असतं तर चारही बोंबलले असते.''

बोंबला! ग्रुपवरच्या सगळ्या उत्तरांचा निकाल एका वाक्यात.

गॅरेजमध्ये परतून, इंजिन थंड झाल्यावर, त्यांनी चारही स्पार्क प्लग काढून फडक्यावर ओळीत मांडले. तिघांची टोकं फिकट तपकिरी. चौथा काळा, आणि त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर पेन्सिलीनं ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. त्याच्यावर बसणाऱ्या कॉइलच्या रबरातही तशीच रेघ. ''करंट इथून पळतोय,'' काका म्हणाले.

घरी येऊन मी यावर वाचलं. फंडा असा आहे : प्लगच्या टोकाशी साधारण एक मिलिमीटरची फट असते आणि त्या फटीतून हजारो व्होल्टची ठिणगी उडते. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये जास्त हवा आणि पेट्रोल भरतं, आतला दाब वाढतो आणि त्या दाट हवेतून उडी मारायला ठिणगीला आणखी जास्त व्होल्टेज लागतं. प्लग झिजून फट वाढलेली असेल तर त्याहूनही जास्त. मग वीज सोपा रस्ता शोधते, चिरेतून बाहेर पळते. आत ठिणगी पडतच नाही. गाडीला एक गचका. सपाट रस्त्यावर चाळीसच्या स्पीडला मात्र सगळं आलबेल, कारण तिथं इंजिनाला जोर लावावाच लागत नाही.

आणि हे अंगावर काढायचं नसतं बरं का. न जळलेलं पेट्रोल तसंच एक्झॉस्टमध्ये जातं आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवून जाळू शकतं. ते बदलायचं म्हणजे प्लगच्या बिलाच्या कित्येक पट खर्च. चेक इंजिनचा दिवा नुसता लागला नाही, तर लुकलुकायला लागला, तर पाय उचलायचा, गाडी बाजूला घ्यायची.

डॅशबोर्डमधली डायरी

''प्लग कधी बदलले होते?'' काकांनी विचारलं. मला काय माहीत! साधे प्लग तीस-चाळीस हजार किलोमीटरनंतर बदलायचे असतात, हेही मला तेव्हाच कळत होतं. पण डॅशबोर्डच्या कप्प्यात बाबांची डायरी होती. पेट्रोल किती भरलं, किती किलोमीटर झाले, ऑइल कधी बदललं, सगळं त्यात. आम्ही त्यावर कायम हसायचो. काढली. प्लगची शेवटची नोंद २०१८ ची, ५८ हजार किलोमीटरला. गाडी आता एक लाख चारवर.

मी पुढची पानं उलटली. मार्च २०२४ : 'खंबाटकी. ३ रा गिअर. मिसिंग? दाखवणे.' एप्रिल : 'एसी बंद केल्यास कमी.' मे : '४०च्या आत अजिबात नाही.' जून : 'सपाटीवर ठीक. चढाला ३ ऐवजी २ टाकणे, हळू पाय देणे.' ऑगस्ट : 'पाऊस असताना जास्त.'

काकांनी माझ्या हातातून डायरी घेतली, चष्मा कपाळावर सरकवून वाचली. ''हे कोणी लिहिलंय? अर्धं काम यांनीच केलंय की.''

हळू चालवणं. डावी लेन. एसी बंद. आम्ही ज्याला म्हातारपण म्हणत होतो, ते एका शांत माणसानं गाडीला सांभाळून घेणं होतं.

ऑक्टोबर २०२४ ची, दिवाळीच्या आधीची शेवटची नोंद मात्र काकांना दिसली नसावी. फक्त तीन शब्द होते. 'मिसिंग? की पाय?'

काकांचा एक नियम आहे, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे नक्की कशानं बरं झालं ते कळतं. आधी चार नवीन प्लग. पुन्हा कात्रजचा चढ. गचके कमी, पण गेले नाहीत. मग ती एक कॉइल. तिसरी चक्कर. गाडी अशी काही उचलली की मीच दचकले. चार प्लगचे ६४०, कॉइलचे १,९००, मजुरी ५००. एकूण ३,०४० रुपये. २३ हजारांच्या एस्टिमेटमध्ये यातली एकही वस्तू नव्हती.

सांगितलं का नाहीस?

रात्री जेवणानंतर डायरी टेबलावर ठेवली. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

''सांगितलं का नाहीस?''

''सांगितलं असतं तर दादानं दुसऱ्या दिवशी एक्स्चेंजच्या ऑफर पाठवल्या असत्या.'' मग थोडं थांबून म्हणाले, ''दाखवणार होतो. पण तुम्ही सगळे एकच बोलायला लागलात. तिघंही चुकतील असं वाटलं नाही मला.''

यावर काय बोलायचं? मी सॉरी म्हटलं. ते फारच छोटं वाटलं. आई उठून पाणी आणायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

गाडीला दहा मिनिटं प्रश्न विचारणारा माणूस भेटला. बाबांना आमच्यापैकी एकानं एक प्रश्न विचारला नव्हता. 'कधी होतं? कुठे होतं?' एवढं विचारलं असतं तर त्यांनी डायरीच पुढे केली असती. आपण ऑफिसात 'रूट कॉज', 'रूट कॉज' करत फिरतो आणि घरी मात्र जन्मतारीख बघून निकाल देतो. तुमच्याकडेही असा एखादा निकाल लागलेला असेल, तर एकदा तिसऱ्या गिअरमध्ये टाकून बघाच.

नोव्हेंबरमध्ये बाबा डोळे तपासून आले. स्वतःहून. डॉक्टरांनी चष्म्याचा नंबर बदलला आणि रात्री गाडी चालवू नका म्हणाले. बाबांनी ते लगेच मान्य केलं. किल्ली मी फ्रीजवरून उचलून त्यांच्या हातात दिली. पुढच्या रविवारी सातारा. बाबा ड्रायव्हर, आई नेव्हिगेटर, मी मागे, भांडायला कोणी नाही. खंबाटकीला त्यांनी तिसरा टाकला. आईनं पर्स धरलीच होती. गाडी सरळ चढत गेली. कोणी एक शब्द बोललं नाही.

साताऱ्याला पोचल्यावर मी डिकीतून बॅगा काढत होते. बाबा पुढेच बसून होते. डायरीत लिहीत होते. खांद्यावरून डोकावून वाचलं.

'खंबाटकी. ३ रा गिअर. एसी चालू. पाय ठीक.'