सहा जणांच्या ऑफिसात कायदा पोचत नाही

निवडणुकीत 'महिला सक्षमीकरण' लिहिलेले बॅनर मीच डिझाइन करते. रात्रीचे नऊ वाजतात. लेकरू तोवर शेजारच्या काकूंकडे झोपून गेलेलं असते.

भंडाऱ्यातल्या आमच्या ऑफिसात आम्ही सहा जण. बाळंतपणात मला दोन महिने सुट्टी मिळाली, तीही बिनपगारी. लोक म्हणतात, "कायदा आहे ना!" आहे. 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना 26 आठवड्यांची पगारी रजा दिली. पण दुकान-ऑफिसात किमान 10 माणसं कामाला हवीत. पाळणाघर हवं तर 50. आपल्या गावातल्या प्रेस, स्टुडिओ, फ्लेक्सच्या दुकानांत एवढी माणसं कुठून येणार?

आंधळगाव-मोहाडीकडे जा. करवती काठाच्या टसर साडीमागे घरातल्या बाईचे हात असतात. पोराला झोका देता देता ती कांड्या भरते. तिच्या कामाला 'घरचंच काम' म्हणून मोकळे झालो आपण. माझ्या हातात लॅपटॉप आला, एवढाच फरक.

मालकाशी भांडून हे सुटणार नाही, त्याचाही धंदा छोटाच. पण केंद्राच्या मिशन शक्तीत 'पाळणा' योजना आहे, अंगणवाडीतच पाळणाघर चालवायची. बाजाराजवळच्या अंगणवाडीत ते संध्याकाळी उशिरापर्यंत चालू ठेवा, एवढंच मागणं आहे.

बायांनो, तुमचं लेकरू दिवसभर कोणाकडे असते? कमेंटमध्ये वॉर्डासकट लिहा. यादी घेऊन नगरपरिषदेत जाऊ.