वेग जुळला, पण कशामुळे?

वणव्याच्या सिम्युलेशनवर काम करते असं सांगितलं, की समोरच्याला पेटलेला डोंगर दिसतो. प्रत्यक्षात माझी पीएच.डी. गेली ती काही मीटर लांबीच्या ट्रेमध्ये जळणाऱ्या पाइनच्या सुया बघण्यात. अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या आमच्या विद्यापीठात संगणकाची बाजू माझ्याकडे होती. अमेरिकेतल्या एनआयएसटी या संस्थेने इमारतींमधल्या आगींसाठी ‘फायर डायनॅमिक्स सिम्युलेटर’ तयार केला. रानातल्या जळणासाठी त्यात भर घालून केलेली आवृत्ती आम्ही वापरायचो. ती खरं बोलते की नाही, हे ट्रेमधल्या आगीशी ताडून बघायचं, एवढंच काम. वर्षं त्यातच गेली.

आमच्या प्राध्यापकांचा दंडक होता, की संगणकवाल्यांनीही ट्रे भरायचा. आधी सुया चाळायच्या. साली, काटक्या, शंकूंचे तुकडे वेचून काढायचे. त्यातला थोडा नमुना ओव्हनमध्ये शंभर अंशांच्या वर पूर्ण वाळवायचा आणि आधीच्या-नंतरच्या वजनावरून ओलावा काढायचा. मग चौरस मीटरला अर्धा किलो या हिशेबाने तोलून सुया वरून सोडायच्या, सैल पडतील अशा. पहिल्यांदा ट्रे भरताना माझा हात सवयीने थर सारखा करायला गेला, तेव्हा प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ म्हणाले, “हात फिरवू नकोस. दाबलेली जागा आग बरोबर शोधून काढते.” ते आधी वणवे विझवणाऱ्या पथकात होते.

ट्रेच्या एका टोकाला आडव्या पन्हळीत अल्कोहोल ओतून ते पेटवायचं, म्हणजे सगळ्या रुंदीला आग एकदम लागते. समोरून पंख्याची हवा, वर कॅमेरा, ट्रेखाली वजन मोजणारे लोड सेल आणि थरात तापमान मोजणारे, केसासारख्या बारीक तारांचे थर्मोकपल. राळेचा वास सुटतो, तडतड होते आणि बघता बघता ट्रे काळा पडतो. वजन तेच, ओलावा तोच, हवा तीच ठेवून पुन्हा जाळलं तरी वेग तंतोतंत तोच येत नाही. त्यामुळे प्रयोगातून हाती येतो तो एक आकडा नसतो, पट्टा असतो. सिम्युलेशनला त्या पट्ट्यात बसायचं असतं.

संगणकात हा थर बारीक घनांमध्ये चिरावा लागतो. सुयांच्या अशा थरात उष्णतेचं प्रारण जेमतेम चार सेंटिमीटर आत शिरतं, म्हणून घनाची बाजू सेंटिमीटरभर हवी. ती निम्मी करायची म्हटलं तर घन आठपट होतात, काळाचे टप्पे दुप्पट होतात, आणि हिशेब सोळापट लांबतो. एकेक रन संपायची वाट बघत दिवस जायचे.

वेग पट्ट्यात बसला त्या दिवशी मी आलेख घेऊन प्राध्यापकांकडे गेले. त्यांनी विचारलं, “वजनाचा आलेख कुठाय?” तो काढला. प्रयोगात आग पुढे गेल्यावरही मागे निखारे धुमसत राहायचे आणि वजन हळूहळू उतरत जायचं; सिम्युलेशनमध्ये ते झपकन संपत होतं. खोलात गेल्यावर उलगडलं, की आमची ज्वाला खऱ्यापेक्षा उंच होती. त्यामुळे पुढच्या सुयांवर प्रारण जास्त पडत होतं. उलट, सुयांचा हवेला होणारा अडथळा जास्त धरल्याने थरातून हवा कमी वाहत होती. एक चूक वेग वाढवत होती, दुसरी घटवत होती. मधल्या पायऱ्या चुकूनही पुस्तकामागच्या उत्तराशी जुळणारं गणित असतं, तसा हा वेग होता. हवेचा अडथळा, उष्णता शोषण्याचा दर, कोळशाचं प्रमाण असे कितीतरी आकडे हाताशी असतात. ते थोडे इकडेतिकडे केले की वेग कुणीही जुळवून दाखवेल.

फक्त वेग हवा असेल, तर त्याचं सूत्र आहेच. मोंटानामधल्या मिझूला इथे अमेरिकेच्या वनखात्याची आगीवरची प्रयोगशाळा आहे. वैमानिकी अभियंता असलेल्या रिचर्ड रॉदरमेल यांनी तिथून १९७२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. आजही अमेरिकेतले कितीतरी प्रोग्रॅम त्यावर चालतात. पण पुढची सुई नेमकी कोणत्या उष्णतेने पेटली, हे ते सूत्र सांगत नाही. त्याच प्रयोगशाळेत मार्क फिनी आणि सहकाऱ्यांनी लेझरने एकसारखे कापलेले पुठ्ठे जाळले. २०१५ मध्ये छापलेल्या त्यांच्या निबंधाने दाखवलं, की बारीक जळण नुसत्या प्रारणाने सहजी पेटत नाही, कारण भोवतीची हवा त्याला थंड करत राहते. ज्वालेच्या जिभा पुढे झेपावतात, जळणाला शिवतात, मागे सरतात आणि अशा स्पर्शांनी ते पेट घेतं.

हे वाचल्यावर आम्ही आमच्या थर्मोकपलच्या नोंदी पुन्हा उघडल्या. तापमान सरळ चढत नव्हतं. उसळत होतं, पडत होतं, पुन्हा उसळत होतं. माझ्या सिम्युलेशनची रेघ मात्र गुळगुळीत होती. घन बारीक केल्यावर तिच्यातही उसळ्या दिसू लागल्या. पण तुलना लगेच करता येईना, कारण संगणक हवेचं तापमान सांगतो आणि थर्मोकपल स्वतःच्या तारेचं. तार जितकी जाड, तितकी ती उशिरा तापते आणि झटके गिळते. मग सिम्युलेशनमध्येही त्याच जाडीची तार ठेवली आणि तिचं तापमान ताडून पाहिलं. उसळ्या किती वेगाने येतात, हे जुळायला लागलं तेव्हा कुठे प्राध्यापकांची मान हलली. तीही अर्धीच. पुढची अट अशी, की वाऱ्याचा नवा वेग ठरवायचा, माझं भाकीत ट्रे पेटवण्याआधी सगळ्यांना मेलने पाठवायचं आणि नंतर त्याला हात लावायचा नाही.

सुट्टीत पुण्याला आले की सह्याद्रीत वणवे विझवायला जाणारे मित्र विचारतात, “तुझं मॉडेल आपल्या डोंगरावर चालेल का?” इथे जळतं ते बहुतेक उभं वाळलेलं गवत आणि पाचोळा, तोही चढावर. गवतासाठी उत्तर ऑस्ट्रेलियात १९८६ मध्ये मोकळ्या रानात मोठे प्रयोग झाले. विल्यम मेल यांनी सहकाऱ्यांसह २००७ मध्ये आपलं सिम्युलेशन त्यांच्याशी ताडून पाहिलं. पण ती रानं सपाट होती. माझ्या प्रबंधात एक तक्ता आहे: जळण किती, ओलावा किती, वारा किती, या मर्यादांमध्येच हे आकडे तपासलेले आहेत. आमच्या सह्याद्रीतलं गवत त्या तक्त्यात नाही. म्हणून मी मित्रांना सांगते, आधी चौरस मीटरभर गवत कापा, तोला, वाळवून पुन्हा तोला आणि ते आकडे पाठवा. भाकिताचं त्यानंतर बघू.