त्सुकुबातली वेडीवाकडी अंडी

शेजारच्या आजींच्या खुराड्यात आज बिनकवचाचं अंडं. पापुद्रा शाबूत, आत बलक आणि पांढरं जागच्या जागी, पण हातात घेतलं की पाणी भरलेल्या फुग्यासारखं लिबलिबीत. आजींचे गुडघे दुखतात म्हणून सकाळी अंडी काढायचं काम माझ्याकडे आणि मोबदल्यात निम्मी अंडी. वाकडंतिकडं निघालं तर तेही माझ्याकडेच येतं. ते मीच मागून घेते.

*

बलक सुटल्यापासून अंडं बाहेर पडेपर्यंत साधारण २५ तास जातात. नरसाळ्यासारख्या तोंडात पाव ते अर्धा तास, पांढरं चढायला तीनेक तास, दोन पापुद्र्यांना सव्वा तास. उरलेले वीसेक तास सगळे कवचाला. तिथून घाईनं निसटलं की असं मऊ अंडं.

जळगावला आईला फोन केला. "तलंग आहे ना? नुकती अंड्यावर आली की असंच होतं. शिंपला घाल."

इथे जपानात शिंपल्याला तोटा नाही. कालवांच्या शिंपल्यांचा चुरा पिशवीत भरून विकतात. भुकटीपेक्षा जाड चुरा बरा, कारण कवच बहुतेक रात्री घडतं, कोंबडी तेव्हा काही खात नाही, आणि जाड तुकडे पोटातल्या दगडीत अडकून रात्रभर हळूहळू विरघळतात. कमी पडलं तर ती स्वतःच्या हाडांतला चुना काढते. एका कवचाला दोन ग्रॅमहून जास्त कॅल्शियम लागतं. एवढ्याशा जिवाला रोजचा हा खर्च.

*

ऑगस्ट. पारा पस्तिशीला, वर दमट हवा. कोंबड्या चोच उघडून धापा टाकतायत आणि टरफलं बोटानं फुटतायत. शिंपला समोर असूनही. कवच म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, आणि त्यातलं कार्बोनेट रक्तातल्या कार्बन डायऑक्साइडमधून येतं. धाप लागली की तो वायू श्वासावाटे निघून जातो आणि चुन्याला जोडीदार उरत नाही. १९८५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी उन्हाळ्यासारख्या उष्णतेत ठेवलेल्या कोंबड्यांना चक्क सोडावॉटर पाजलं, आणि कवचं सुधारली. त्याच वर्षी त्सुकुबात विज्ञानाचं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. सोडा पिणाऱ्या कोंबड्या तिथे ठेवल्या असत्या तर मी प्रदर्शनातले यंत्रमानव सोडून त्याच बघितल्या असत्या.

आजींनी सोडा नाही पाजला. खुराड्यावर वेताची चटई टाकली आणि पाण्यात बर्फ.

*

मधोमध पट्टा असलेलं अंडं. मोडलेलं हाड जुळावं तसा उंचवटा. कवच घडत असताना, बहुधा संध्याकाळी, कोंबडी दचकली, धडपडली, आतल्या आत तडा गेला आणि वरून पुन्हा चुना चढला. काल संध्याकाळी भूकंपाचा धक्का बसला होता. त्सुकुबा ज्या प्रांतात येतं त्या इबाराकीत ते काही नवं नाही. मी भूकंप म्हटलं, आजी म्हणाल्या मांजर. अंडं त्याबाबतीत गप्प.

*

दुकानातल्या दहाच्या डब्यात यातलं एकही दिसत नाही. इबाराकी हा जपानमध्ये अंड्यांच्या उत्पादनात पहिल्या क्रमांकाचा प्रांत, पण सगळा माल धुऊन, उजेडात तपासून, वजनावर निवडून येतो. ५८ ते ६४ ग्रॅम म्हणजे एम, ६४ ते ७० म्हणजे एल. रक्ताचा ठिपका दिसला की अंडं बाजूला. खरं तर तो ठिपका निरुपद्रवी, बलक सुटताना एखादी बारीक रक्तवाहिनी फुटते एवढंच. पण इथे भातावर कच्चं अंडं फोडून खातात, तेव्हा लाल ठिपका कोण चालवून घेईल? जोडबलकी अंडी मात्र वेगळी काढून मुद्दाम विकतात. तीही तलंगांचीच, दोन बलक एकदम सुटल्यानं झालेली. दोष कुठला आणि नवलाई कुठली हे गिऱ्हाइकानं ठरवायचं.

*

सुपारीएवढं अंडं, आत बलकच नाही. रक्ताची गुठळी नाहीतर ऊतीचा कण नळीत उतरला की शरीर त्यालाच बलक समजून पांढरं आणि कवच चढवतं. युरोपात अशी अंडी कोंबड्यानं घातली असं मानत. १४७४ साली बाझेलमध्ये अंडं घातल्याच्या आरोपावरून एका कोंबड्याला रीतसर जाळलं. तो मुळात कोंबडी असण्याची शक्यता बरीच: मादीचं डावं अंडाशयच काम करतं, ते आजारानं बिघडलं तर उजवीकडच्या अवयवाला नरपण येऊ शकतं. मग तुरा वाढतो, आरवणंही सुरू.

*

सुरकुतलेलं कवच आणि पाण्यासारखं पांढरं एकत्र आलं तर मी हसत नाही. संसर्गजन्य ब्राँकायटिसमध्ये तसं होतं, शिंका थांबल्यावरही अंडी वाकडीच येत राहतात. कोंबड्यांच्या आजारांना हा प्रांत पोळलेला आहे. २००५ साली इथे एच५एन२ फ्लूमुळे लाखो कोंबड्या माराव्या लागल्या. आजही कुणी एकच कोंबडी पाळली तरी १ फेब्रुवारीला किती होत्या ते दरवर्षी प्रांताला कळवावं लागतं. आजी तो कागद अगदी निगुतीनं भरतात. पाच.

*

वसंत. बलक हिरवट! आईला वाटलं अंडं नासलं. नासलं नव्हतं. बांधावर नाझुना माजलाय, पांढरी बारीक फुलं, बदामाच्या आकाराच्या चपट्या शेंगा. कोंबड्यांनी तो मनसोक्त खाल्ला की बलक असा होतो. माणसंही तो खातात, ७ जानेवारीच्या सात भाज्यांच्या पेजेत. आमच्या जळगावकडे हेच काम सरकीची पेंड करते: म्हशीच्या घमेल्यात कोंबडीनं चोच घातली की साठवलेल्या अंड्यांचा बलक शेवाळी, पांढरं गुलाबी. याउलट मक्याऐवजी तांदूळ खाऊ घातला तर बलक फिका पडतो. चाऱ्याच्या तांदळावर इथल्याच नारो या कृषिसंशोधन संस्थेत बरंच काम झालंय.

*

एका तांबडीच्या अंड्यांना मासळीचा वास. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत एका जनुकाचा दोष असतो. मोहरीवर्गातल्या पेंडीनं शरीरात ट्रायमिथिलअमाइन वाढतं, ते त्यांना मोडता येत नाही आणि थेट बलकात उतरतं. व्यावसायिक वाणांतून तो दोष आता चाचणी करून काढतात, आजींच्या तांबडीची चाचणी कोण करणार? तिची अंडी आम्ही वेगळ्या वाटीत ठेवतो.

आईला सांगितलं. ती म्हणाली, "भुर्जीत सुकट घाल. कुणाला कळतंय?"