जुनी कमेंट, चालता कोड

कोडात चूक झाली तर कंपायलर अडवतो, नाहीतर एखादी टेस्ट पडते. कमेंट चुकीची असली तर कुणीच ओरडत नाही. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसची मुळं १९८६ साली बर्कलेत सुरू झालेल्या प्रकल्पात आहेत. इतक्या जुन्या कोडात एकेकाळी खऱ्या असलेल्या आणि आता दिशाभूल करणाऱ्या कमेंटी जागोजागी भेटतात.

काही शोधायला सोप्या असतात. २०२२ मध्ये आलेल्या १५व्या आवृत्तीत स्टॅटिस्टिक्स कलेक्टर ही स्वतंत्र प्रोसेसच काढून टाकली. त्याआधी इतर प्रोसेस आपापले आकडे यूडीपीवरून तिच्याकडे धाडत आणि ती ते फायलींत उतरवी. आता ते शेअर्ड मेमरीत असतात. ‘कलेक्टर’ शब्दावर ग्रेप मारला की बऱ्याच जुन्या ओळी हाती लागतात. पण ‘निरोप वाटेत हरवू शकतो, म्हणून आकडा अंदाजे धरावा’ अशा धाटणीची ओळ कलेक्टरचं नाव घेत नाही, फक्त त्याच्या भरवशावर उभी असते. ती सापडायला कोड वाचावाच लागतो.

उलट फसगतही होते. ९.० आवृत्तीपूर्वी ‘व्हॅक्यूम फुल’ टेबलातल्या नोंदी त्याच फायलीत सरकवून रिकामी जागा भरून काढायचा आणि सरकवलेल्या नोंदींवर खुणेचे बिट लावायचा. २०१० पासून तो सगळं टेबल नव्या फायलीत लिहून काढतो. ते बिट आता कुणीच लावत नाही. तरी हेडर फायलीत त्या बिटांशेजारी ‘९.० पूर्वीच्या व्हॅक्यूम फुलने हलवलेली’ अशा अर्थाची टीप वर्षानुवर्षं राहिली. उत्साही नवख्याचा हात इथे हमखास शिवशिवतो. पण ‘पीजी-अपग्रेड’ टेबलांच्या फायली आहेत तशाच नव्या आवृत्तीत आणतो, त्यामुळे डिस्कवर तसा एखादा बिट अजून असू शकतो.

म्हणून कसलेला माणूस आधी गिट ब्लेम लावतो. तिथेही बऱ्याचदा हाती येतो तो नुसता इंडेंटेशन बदलणारा कमिट; तसले कमिट वगळायची यादीच या प्रकल्पाने रिपॉझिटरीत ठेवली आहे! ओळ लिहिली तेव्हा शेजारचा कोड काय करत होता, हे कळल्याशिवाय तिला हात लावणं म्हणजे एक अंदाज पुसून दुसरा लिहिणं.

राहतो बॅकपॅचचा, म्हणजे दुरुस्ती जुन्या शाखांतही लावण्याचा, प्रश्न. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. कमेंट फक्त मास्टरमध्ये बदलली, तर पुढे खरा बगफिक्स जुन्या शाखेवर लावताना पॅच नेमका त्याच ओळीवर अडू शकतो. काही कमिटर म्हणूनच दोन शब्दांची दुरुस्तीही सगळ्या चालू शाखांत ढकलतात, तर काहींना तेवढ्यासाठी जुन्या शाखा ढवळणं पटत नाही.