आमच्या कुकरात डुक्कर नको



२५ डिसेंबरला रहिमतपुरात आम्ही काय शिजवलं, यावर बरीच कुजबुज चालू आहे. काहींनी तोंडावर विचारलं, काहींनी पाठीमागे नावं ठेवली. तोंडावर विचारणाऱ्यांचे आभार. जे झालं ते आमच्या चुकांसकट लिहून काढतो आहोत, म्हणजे वाद घालायचा तर खऱ्या गोष्टीवर घालता येईल.

दरवर्षी मनुस्मृती दहन दिनाला आमचा कार्यक्रम ठरलेला असतो. विहारासमोर प्रतीकात्मक प्रत जाळायची, दोन भाषणं करायची, शेवटी पुरीभाजी. यंदा तयारीच्या बैठकीत कॉलेजातल्या एका पोरीने विचारलं, "आपण हे पुस्तक दरवर्षी जाळतो, पण त्यात खाण्याबद्दल काय लिहिलंय?" कुणालाच सांगता येईना. मग वाचलं. पाचव्या अध्यायात द्विजांसाठी यादी आहे: आळंबी, लसूण, कांदा, गावठी कोंबडा आणि गावठी डुक्कर. जाणूनबुजून खाल्लं तर द्विज पतित होतो. म्हणजे कांदा-लसूण घातलेली आमची भाजी दरवर्षी मनूचा कायदा मोडतच होती, फक्त आम्हाला पत्ता नव्हता!

पण खरी गंमत तिसऱ्या अध्यायात आहे. तिथे श्राद्धाला कुठलं मांस घातलं की पितर किती महिने तृप्त राहतात याचा हिशेब आहे. वराहाच्या मांसाने दहा महिने. मित्रांनो, नीट बघा. रानातलं डुक्कर पितरांना चालतं, वराह हा तर विष्णूचा अवतार, त्याची देवळं आहेत. चालत नाही ते गावातलं डुक्कर. दोघांत फरक काय? एक राजा शिकार करून आणतो, दुसरं गावकुसाबाहेरचा माणूस पाळतो. किळस जनावराची नाहीच, पाळणाऱ्या हाताची आहे.

आमच्यातला एकजण पुण्यात हॉटेलच्या किचनमध्ये काम करतो. तो म्हणाला, "डिसेंबर आला की आमच्याकडे हॅम लावतात. डुकराची मागची मांडी, खारवलेली, धुरावलेली, वरून मध-साखरेचा चकचकीत थर. नाव विचारून विचारून खातात लोक." याच लोकांच्या तोंडी 'डुक्कर' ही शिवी असते. हॅम म्हटलं की प्रतिष्ठा, डुक्कर म्हटलं की थुंकी. मग ठरलं, यंदा दहनानंतर हॅम करायचं. ओव्हन नाही तर नाही, कुकरात करू.

इथपर्यंत सगळा उत्साह. पुढचं ऐका.

विहारातल्या ज्येष्ठांनी सांगितलं, आवारात डुक्कर नको. एकांचं म्हणणं, "बाबासाहेबांनी १९२७ ला महाडला सोडायला लावलं, तुम्ही परत सुरू करता?" आम्ही आदराने सांगितलं की बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडायला सांगितलं. ते मांस म्हणजे गावाने आपल्या गळ्यात बांधलेली लाचारी होती, ती सोडणं हा स्वाभिमान होता. पाळलेलं, कापलेलं, विकत घेतलेलं जनावर ही वेगळी गोष्ट. दुसऱ्यांनी बावीस प्रतिज्ञांतली प्राणिमात्रांवरच्या दयेची प्रतिज्ञा काढली. हा मुद्दा जड आहे, आम्ही तो उडवून लावत नाही. 'बुद्ध आणि त्याचा धम्म'मध्ये बाबासाहेब मारण्याची गरज आणि मारण्याची इच्छा यांत भेद करतात, एवढं आम्ही मांडलं. त्यावर कुणी "आम्ही मांसच खात नाही" म्हणाला तर आमचं भांडण नाही. पण दर रविवारी मटण आणणाऱ्याने डुकराचं नाव निघताच दया आठवावी, हे कसं?

तरी विहार सगळ्यांचं आहे, म्हणून आम्ही आवाराचा हट्ट सोडला. आता प्रश्न कुकरचा. साडेतीन किलोच्या मांडीला दहा लिटरचा कुकर लागतो. तो आमच्यातल्या तिघांच्या घरी आहे. तिन्ही आयांनी एकच उत्तर दिलं, "आमच्या कुकरात डुक्कर नको." एक आई तर गेली वीस वर्षं दर १४ एप्रिलला निळी साडी नेसून मिरवणुकीत पुढे असते. फ्रीजचीही तीच गत. शेवटी एका आईने कुकर दिला, पण वर म्हणाली, "न्या, आणि परत आणू नका."

डुक्कर पाळणाऱ्या मावशी कैकाडी. टोपल्या विणण्यात त्यांचं आयुष्य गेलं, प्लास्टिक आल्यावर तो धंदा बसला, डुकरं राहिली. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी अशा कित्येक जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला, तो कायदा १९५२ ला गेला. लोकांच्या नजरेतला शिक्का कुठे गेला? विदर्भात कैकाडी अनुसूचित जातीत, आमच्या साताऱ्यात विमुक्त जातीत. कागदावर त्या 'आपल्या' नाहीत, म्हणून आमच्या मिरवणुकीतही नाहीत. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या दारावरून गेलो, पण डुकरांची वास येते म्हणून नाकाला रुमाल लावून.

मांडी आणायला आम्ही चौघे गेलो. मावशींनी गवताच्या जाळावर कातडी भाजून, सुरीने खरवडून पांढरी स्वच्छ करून ठेवली होती. पैसे द्यायची वेळ आली आणि आमच्यातल्या एकाने नोटा त्यांच्या तळहातावर वरून सोडल्या. हाताला हात लागू नये अशा बेताने. त्याला स्वतःलाही कळलं नाही. मावशी हसल्या आणि म्हणाल्या, "नोट उडंल की रं पोरा, हातात दे."

चौघेही घामाघूम झालो. आपल्या आज्याला दुकानदार असंच मीठ वरून टाकायचा, हे आम्ही भाषणात सांगतो. सांगताना गळा दाटून येतो. आणि तोच हात आमच्या खांद्याला चिकटलेला निघाला.

घरी येताना रेल्वे फाटकाशी गाडीसाठी थांबलो. १९०१ साली नऊ-दहा वर्षांचे बाबासाहेब, त्यांचा भाऊ आणि भाचे साताऱ्याकडून वडिलांना भेटायला निघाले, ती गाडी याच रुळावरून रहिमतपूर मागे टाकून मसूरला गेली. मसूरला जात कळल्यावर गाडीवान मिळेना. दुप्पट भाडं देऊन बैलगाडी मिळाली, ती पोरांनीच हाकायची, गाडीवान पायी चालणार. त्या रात्री त्यांच्याकडे डब्यात भरपूर जेवण होतं. पण पाणी कुणी देईना म्हणून पोरं उपाशी झोपली. हे आम्हाला पाठ आहे. फाटकापाशी त्यावर कुणी काही बोललं नाही.

आता कृती, कारण ती विचारणारेही पुष्कळ आहेत. मांडीचं हाड काढून दोन तुकडे केले. चार लिटर पाण्यात पाव किलो मीठ, थोडा गूळ, मिरे, तमालपत्र घालून उकळून पूर्ण गार केलं आणि त्यात मांस दोन रात्री बुडवून ठेवलं. हे फ्रीजमध्येच करायचं, थंडी आहे म्हणून बाहेर ठेवायचं नाही, अशी हॉटेलवाल्याची सक्त ताकीद होती. एका मित्राने दुकानातल्या सोड्याच्या बाटल्या काढून फ्रीज मोकळा करून दिला, त्याचे उपकार. विकतच्या हॅमचा गुलाबी रंग सोडियम नायट्राइटचा असतो. आपण ते घालत नाही, त्यामुळे आपलं मांस करडं-तपकिरी होतं. चवीला काही कमी होत नाही.

तिसऱ्या दिवशी तुकडे धुऊन घेतले. कुकरात तळाला जाळी, दोन पेले पाणी, ठेचलेलं आलं, दोन गड्ड्या लसूण, चार कांदे, लवंगा. मनूच्या यादीतल्या तीन गोष्टी एका भांड्यात! पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करून पन्नास मिनिटं. कुकरातलं पाणी शंभरावर नाही, साधारण एकशेवीस अंशाला उकळतं, म्हणून चुलीवर तीन-चार तास घेणारी मांडी तासाभरात सुटते. वाफ आपोआप जिरू द्यायची. गूळ कुकरात घालू नका, तळाला करपतो आणि वाफेत थर धरतच नाही. थर वेगळा करायचा: पाव किलो गूळ, वाटलेली मोहरी, चिंचेचा कोळ आणि कुकरातल्या रश्शाचे दोन डाव, वरची चरबी काढून, तार येईपर्यंत आटवायचं. मांसाच्या चरबीवर शंकरपाळ्यासारख्या रेघा मारून प्रत्येक चौकटीत एक लवंग खोचली, पाक लावला, परात मंद चुलीवर ठेवली आणि वर निखाऱ्यांनी भरलेला लोखंडी तवा धरला. तीनदा पाक लावला. पंधरा मिनिटांत वरचा थर काचेसारखा चमकायला लागला.

मावशींनी चव घेतली. "ग्वाड मटण व्हय?" म्हणून स्वतःच्या तुकड्यावर कांदा-लसूण मसाला भुरभुरला. आम्ही पण भुरभुरला. खरं सांगायचं तर तेच जास्त चांगलं लागलं.

एक खुलासा करतो, कारण "डुक्कर खाऊन मेंदूत जंत होतात" हे आम्हाला डझनभर लोकांनी ऐकवलं. अर्धवट शिजलेल्या डुकरातून पोटात फीतकृमी होऊ शकतो, म्हणून मांस पूर्ण शिजवायचं, आणि त्याला कुकरासारखं साधन नाही. पण मेंदूत जातो तो जंत माणसाच्या विष्ठेतल्या अंड्यांतून, न धुतलेल्या भाजीतून, घाणेरड्या पाण्यातून. तो शुद्ध शाकाहाऱ्यालाही होतो. उघड्यावर बसायचं गावाने, ती घाण खाऊन साफ करायची डुकराने, आणि घाणेरडं ठरायचं डुक्कर आणि त्याच्या मालकिणीने.

२५ तारखेला विहारासमोर दहन झालं. भाषणात आम्ही सांगितलं की १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळण्याचा ठराव गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे यांनी मांडला होता, आणि परिषदेच्या मांडवाला कुणी जागा देईना तेव्हा फत्तेखान यांनी आपली जमीन दिली होती. आमचे मुस्लिम मित्र दरवर्षी येतात, यंदाही आले. त्यांना आम्ही आठ दिवस आधीच जाऊन सांगितलं होतं की हॅम वेगळ्या ठिकाणी, वेगळ्या भांड्यांत आहे. डुकराचं नाव घेऊन कुणाला डिवचणारे लोक आपल्या देशात आहेत, आम्हाला त्यांच्या पंगतीला बसायचं नाही. मित्रांनी विहारात पुरीभाजी खाल्ली, आमच्याशी हातात हात देऊन गेले. खाण्याचं स्वातंत्र्य म्हणजे न खाण्याचंही.

मग जाहीर केलं की ज्यांना यायचं त्यांनी मावशींच्या अंगणात यावं. चाळीसेक लोकांतून तेरा जण आले. बाकीचे चपला घालून घरी गेले. आलेल्यांत एक ऐंशीच्या पुढची आजी होती. तिने दोनदा वाढून घेतलं आणि कुणाशी एक शब्द बोलली नाही.

सगळ्यांत शेवटी आले ते बावीस प्रतिज्ञा काढणारे ज्येष्ठ. आम्हाला वाटलं, आता सुनावणार. ते माचावर बसले आणि म्हणाले, "मी खाणार नाही. बाई, पाणी दे." मावशींनी तांब्या भरून दिला. ते घटाघटा प्याले, परत मागितलं. जाताना आम्हाला म्हणाले, "भाषणाच्या यादीत या बाईचं नाव का नव्हतं?"

आमच्याकडे उत्तर नव्हतं. मांडी त्यांची, चूल त्यांची, अंगण त्यांचं, आणि माईक आमच्या हातात. आठ दिवस नियोजन केलं, ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

कुकर मावशींकडेच आहे. चिंचेने घासून त्यांनी लखलखीत करून ठेवलाय, निरोप दोनदा पाठवला, पण ज्या घरचा तो आहे तिथून कुणी आणायला गेलेलं नाही. आता १४ एप्रिलला विहारात भाताला मोठे कुकर लागतील. बैठकीत आम्ही तो आणू म्हणालो, तर कुणी नको म्हणालं नाही आणि कुणी हो पण म्हणालं नाही. पुढची बैठक रविवारी आहे. मावशींना बोलावलं आहे.