खाडीमागून खाडी

कोल्हापूरच्या माणसाला समुद्र फार दूर नाही. पण तो घाटाखाली आहे, आणि घाट उतरणे म्हणजे दुसऱ्या मुलखात पाऊल टाकणे. गगनबावड्यापर्यंतचे 55 किलोमीटर ऊस आणि भात यांच्या सोबतीने सरतात. पुढे करूळ घाटात रस्ता दरीच्या अंगाने वळू लागतो, हवा जड होते, आणि तळेरे मागे पडले की काळ्या कातळाच्या जागी तांबडा जांभा दिसू लागतो.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही हा घाट उतरलो, तो आमच्या धर्मग्रामातील एका आजींसाठी. वय 84. माहेर मालवणचे. लग्न होऊन त्या कोल्हापुरास आल्या, भाऊ मुंबईला गेले, आणि साठ वर्षे माहेरची वाट मोडली. (वि. स. खांडेकरही 1938 साली शिरोडा सोडून कोल्हापुरास आले. घाटाखालची अशी किती माणसे या शहराने आपली मानली असतील!) आता आजींची दृष्टी जवळजवळ गेली आहे. नातवाने गाडी काढली. कणकवली-कसालवरून थेट मालवण गाठावे, असा त्याचा हिशेब. आजींना मात्र विजयदुर्गापासून किनाऱ्याकिनाऱ्यानेच जायचे होते. लहानपणी आईबरोबर त्या देवगडला मावशीकडे जात, तेथून कधी विजयदुर्गापर्यंत. ती सगळी वाट त्यांना पाठ होती.

ही वाट सरळ नाही, आणि त्याला कारण आहे. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या थोड्याच धावेत समुद्राला भिडतात. भरतीचे पाणी मुखातून आत शिरते आणि त्यांच्या खाड्या होतात. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्याचा उघडा सडा. म्हणून रस्ता सड्यावर चढतो, क्षणभर सरळ धावतो, डावी-उजवीकडे गवत आणि दूर निळी रेघ दाखवतो, आणि लगेच माडांच्या वाडीत उतरून पाण्यापाशी थबकतो. वळणे ही कोणा अभियंत्याची हौस नव्हे.

विजयदुर्गाला, वाघोटण खाडीच्या मुखाशी, तिहेरी तटाचा किल्ला आहे. आंग्र्यांचे आरमार 1756 साली इंग्रजांनी येथे जाळले. नातू तट पाहून आला. आजी काच खाली करून गाडीतच बसून राहिल्या. तेथून देवगडपर्यंत हापूसच्या बागा, जांभ्याचे गडगे आणि मोहोराचा वास. आजी डोळे मिटून सांगत होत्या, "आता चढ... आता उतार." आणि तसेच होई. आम्ही नकाशा मिटून ठेवला.

देवगड सोडले, तारामुंबरीचा पूल लागला, आणि आजींचा हिशेब चुकला. उतार संपला, गाडी थांबली नाही, आणि चाकांखालचा आवाज बदलला.

"फादर, तर खंय गेली?"

"आता पूल झालाय की, आजी," नातू म्हणाला. "पण तरीतनं जायला मजा येत असंल न्हवं?"

आजी बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी सांगितले, ते असे. एका पावसाळ्यात मावशीला रात्री कळा सुरू झाल्या. डॉक्टर खाडीपलीकडे. पाण्याला ओढ होती, तारी होडी सोडीना. उजाडेपर्यंत ती माणसे काठावर कंदील धरून उभी होती. मावशी वाचली, मूल गेले.

"ह्यो पूल तेव्हा होवक व्हयो होतो," त्या म्हणाल्या.

नातवाने गाडीचा वेग नकळत कमी केला. रेवसपासून रेडीपर्यंतच्या सागरी मार्गावर उरलेल्या खाड्यांवरही आता पूल उभे राहत आहेत. वळणांचे सौंदर्य वाखाणणाऱ्या आम्हां घाटावरच्या लोकांनी त्या काठावरचा कंदीलही ध्यानात ठेवावा, असे वाटले.

पुढे कुणकेश्वर, आचरे, कालावल. प्रत्येक पुलावर आजी खाडीचे नाव विचारीत आणि बोटांवर मोजीत. मालवणात त्यांच्या घराच्या जागी दुमजली इमारत उभी होती. त्यांनी तिची फारशी चौकशी केली नाही. बाजारात उतरल्या, सुकटीचा भाव केला, वास घेऊन एक वाटा परत केला आणि दुसरा घेतला. कोळीण त्यांच्याशी मालवणीत भांडली, त्याही भांडल्या. आम्ही पिशवी धरून उभे होतो.

परत येताना फोंडा घाटात अंधार पडला. राधानगरीपर्यंत गाडीत सुकटीचा वास होता. काच खाली करू का, असे नातवाने विचारले. आजी म्हणाल्या, नको.